सोलापुरात राहून फार्मसी करावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आमच्या मेडिकलमध्ये औषधाच्या चिठ्ठीबरोबर हाही प्रश्न येतो : "मॅडम, पोराला फार्मसीला घालायलोय, बरोबर हाय का ओ?" मागे चार गिऱ्हाईकं उभी असतात. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगते आणि बिल करते. रात्री शटर ओढताना मात्र वाटत राहतं की त्या माणसाला नीट सांगायला हवं होतं. त्याच्या पोराच्या चार वर्षांचा आणि घरातल्या साठवलेल्या पैशांचा तो प्रश्न होता. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथं सविस्तर लिहिते आहे. मी बी.फार्म, म्हणजे फार्मसीची चार वर्षांची पदवी केली, काही वर्षं कंपनीत काढली आणि आता शहराच्या पूर्व भागात माझं स्वतःचं मेडिकल आहे. तेव्हा उत्तरं काउंटरवरून दिसतात तशी आहेत.

फार्मसीत फार गर्दी झाली म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि त्यामागचं कारण समजून घ्या. कॉलेजं भरमसाठ झाली म्हणून फार्मसी शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानं २०१९ मध्ये नव्या डी.फार्म (दोन वर्षांची पदविका) आणि बी.फार्म कॉलेजांना पाच वर्षांची बंदी जाहीर केली. २०२०-२१ पासून ती लागू झाली. संस्था कोर्टात गेल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशी बंदी नुसत्या ठरावानं घालता येत नाही. बांध फुटल्यासारखी नवी कॉलेजं आली. आपल्या जिल्ह्यातच बघा ना. शहरात आहेत, पंढरपूरला आहेत, सांगोल्याकडे आहेत. बाजूच्या धाराशिव आणि लातूरचीही मुलं याच नोकऱ्यांसाठी फिरतात.

जागा वाढल्या त्या मानानं कामं वाढली नाहीत. सोलापुरात नव्या डी.फार्म मुलाच्या पगाराची बोलणी महिन्याला १० ते १५ हजारांच्या आसपासच सुरू होतात, आणि त्यात बारा तासांची ड्युटी धरलेली असते. हे ऐकून पालकांचा चेहरा उतरतो. पण प्रवेशानंतर उतरण्यापेक्षा आधी उतरलेला बरा.

मग फार्मसी करूच नये का?

असं मी म्हणणार नाही. सर्टिफिकेट असलेली माणसं पुष्कळ झाली आहेत. काउंटरवर उभं राहून औषध समजावून देणारी माणसं मात्र अजून मला मिळत नाहीत, आणि मी तीन वर्षं शोधते आहे.

फरक काय, ते एका प्रसंगातून सांगते. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आईची चिठ्ठी घेऊन आला. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट होतं. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि डॉक्टरांनी तसं स्वच्छ लिहिलंही होतं. मुलगा म्हणाला, "तीस द्या, महिन्याच्या होतील." तीस म्हटल्यावर माझा हात थांबला. "आई रोज घ्यायलीत का?" विचारलं, तर म्हणे हो, आधीची पट्टी आठ दिवसांत संपली. वर, "आणि तोंडात लावायचं मलम पण द्या, फोड आल्यात, जेवण जाईना झालंय."

तोंडात फोड हे याच गोळीच्या जादा डोसचं लक्षण आहे. पुढं रक्तातल्या पेशी खाली येतात आणि माणूस हातचा जातो. मी गोळ्या दिल्या नाहीत, मलमही दिलं नाही. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्याला आईला घेऊन लगेच दवाखान्यात जायला सांगितलं. रिक्षा करून गेले. तीन आठवड्यांनी ती माऊली स्वतः दुकानात आली. नव्या पट्टीवर मी मार्करनं मोठ्या अक्षरात "फक्त सोमवार" लिहून दिलं.

त्या दिवशी काउंटरवर नुसतं नाव वाचून डबा काढणारा पोरगा असता, तर त्यानं तीस गोळ्या आणि मलम दिलं असतं, बिलही मोठं झालं असतं. तुमच्या मुलाला "तीस" म्हटल्यावर थांबायला आवडेल का? हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. उत्तर "हो" असेल तर पुढचं सगळं वाचा.

डी.फार्म करावं की बी.फार्म?

स्वतःचं मेडिकल टाकायचंच ठरलं असेल, घरची जागा असेल, तर दोन वर्षांचं डी.फार्म आणि त्यानंतरचं ५०० तासांचं ट्रेनिंग पुरतं. दुकानाच्या लायसन्सला पदवी लागत नाही. फक्त एक लक्षात ठेवा : २०२२ च्या नियमांनी डी.फार्मनंतरच्या नोंदणीसाठी एक्झिट परीक्षा आणली. तीन पेपर, आणि तिन्हींत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के. तुमच्या बॅचला ती कशी लागू होते, हे प्रवेशाआधी राज्य फार्मसी कौन्सिलकडून विचारून घ्या. कॉलेजच्या ऑफिसातल्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

दुकानाचं पक्कं नसेल तर बी.फार्मच करा. औषध निरीक्षक, कंपनीतलं क्वालिटीचं काम, एम.फार्म, सगळ्याला पदवी लागते. बारावीला मार्क कमी पडले आणि डी.फार्मच मिळालं, तरी वाट बंद होत नाही. डी.फार्मनंतर बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आमच्याकडचा आधीचा मुलगा असाच गेला. सकाळी कॉलेज, संध्याकाळी काउंटर. आज तो हैदराबादला क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे.

सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलला लावून घरबसल्या पैसे मिळतात म्हणे?

मिळतात, आणि मी हात जोडून सांगते, हे करू नका.

पदवी झाल्यावर मी पहिल्यांदा नोकरी मागायला गेले, तेव्हा मालक म्हणाले, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, रोज यायची गरज नाही. फक्त सर्टिफिकेट लावा, महिन्याला पाकीट घरपोच करतो." चार वर्षं शिकलेल्या मुलीची किंमत भिंतीवरच्या एका फ्रेमइतकी ठरली होती. घरी येऊन मी रडले होते.

आता कायद्याचं. १९४८ च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनंच द्यायचं. तुमचं नाव लावलेल्या दुकानात काहीही चुकलं, शेड्यूल एच-वनचं, म्हणजे ज्यांच्या प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावीच लागते त्या औषधांचं रजिस्टर कोरं सापडलं, झोपेच्या गोळ्या विनाचिठ्ठी गेल्या, तर एफडीएच्या (अन्न व औषध प्रशासनाच्या) नोटिशीवर तुमचंही नाव असतं. त्या दिवशी तुम्ही पुण्यात होता ही सबब चालत नाही, उलट तोच पुरावा ठरतो. नोंदणी गेली तर शिक्षणच गेलं.

आणि पगार एवढे कमी का, याचं अर्धं उत्तर इथंच आहे. चार-पाच हजारांत कागद मिळत असेल तर मालक माणसाला पूर्ण पगार कशाला देईल? भाड्यानं दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट एका हजर फार्मासिस्टची नोकरी खातं.

स्वतःचं मेडिकल टाकलं तर किती सुटतात?

हिशेब करून बघू. सरकारी किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर दुकानदाराला त्याच्या खरेदीच्या दरावर १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं. बाकीच्या ब्रँडवर रिवाजानं थोडं जास्त, आणि स्वस्त जेनेरिकमध्ये, म्हणजे मोठ्या ब्रँडशिवाय मिळणाऱ्या त्याच औषधांत, बरंच जास्त. समजा सगळं मिळून विक्रीवर सरासरी १८ टक्के सुटतात आणि रोजचा गल्ला १० हजार आहे. म्हणजे दिवसाला १,८०० रुपये. आता शेजारच्या चेन मेडिकलवाल्यानं १० टक्के सूट लावली म्हणून तुम्हीही लावली, की त्यातले १,००० गेले. राहिले ८००, महिन्याचे २४ हजार. त्यातून भाडं, लाइट बिल, एका मुलाचा पगार, फ्रीज, बँकेचा हप्ता. स्टॉकिस्टनं (घाऊक विक्रेत्यानं) परत न घेतलेली एक्स्पायरी वेगळी आणि बुडालेली उधारी वेगळी.

म्हणून नव्या दुकानाचं सगळं भवितव्य जागेवर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर असतं. होटगी रोड, जुळे सोलापूर, सात रस्ता, जिथं दवाखाने दाट आहेत तिथं मेडिकलंही दाट आहेत आणि भाडी त्याच हिशेबानं वाढलेली आहेत. कायद्यानं किरकोळ दुकानाला १० चौरस मीटर जागा पुरते, पण भाडं त्या मीटरांचं नसतं, नाक्याचं असतं.

माझं दुकान पाचव्या वर्षी स्वतःच्या पायावर आलं. मी सूट कमी देते. पण रक्तदाब आणि साखरेच्या नेहमीच्या दोनशेच्या आसपास पेशंटांची वही ठेवते, आणि कुणाची गोळी संपायला आली की फोन करते. ही माणसं दहा टक्क्यांसाठी दुसरीकडे जात नाहीत. विडी कारखान्यातल्या आणि यंत्रमागावरच्या माणसाला आठवड्याच्या पगारावर आठवड्याचीच औषधं परवडतात. त्याला मी आख्खी पट्टी गळ्यात मारत नाही, सात गोळ्या कापून देते. कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरीची बाजू आपल्याकडे ठेवायची, ती शेवटी द्यायची. एवढं एक काम नव्या मुलाला शिकवायला मला महिना लागतो.

ऑनलाइन कंपन्यांनी मेडिकलं बंद पडतील का?

धंदा ओढला जातो आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला, तो अंतिम झाला नाही, आणि विक्री मात्र चालूच आहे. महिन्याची ठरलेली औषधं तिकडे जातात. रात्री साडेदहाला तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आलेला बाप तिकडे जात नाही.

जनऔषधी केंद्र घ्यावं का?

म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान. विचार करण्यासारखं आहे. विक्री किमतीवर २० टक्के मार्जिन आहे, वर खरेदीवर प्रोत्साहन रक्कम आहे, आणि फार्मासिस्ट तिथंही लागतोच. अडचण अशी की डॉक्टर चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहितात आणि शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं औषध आपल्या मर्जीनं बदलून द्यायला नियमात परवानगी नाही. त्यामुळं आसपासचे डॉक्टर औषधाचं मूळ नाव लिहितात का, हे आधी दोन-चार दवाखान्यांत जाऊन विचारून या.

सोलापुरात कंपनीत नोकरी मिळेल का?

इथं मुलांची मोठी गफलत होते. चिंचोळी एमआयडीसीत औषध उद्योग आहे, त्याचा मला अभिमानही आहे. मधुमेहाची जी मेटफॉर्मिन गोळी मी रोज विकते, तिच्यासाठी लागणारी रसायनं आपल्या भागात बनतात. पण हे कारखाने मुख्यतः कच्च्या औषधाचे, म्हणजे बल्क ड्रगचे आहेत. तिथं रिॲक्टरवरच्या कामाला बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केमिस्ट्रीची मुलं तुमच्या बरोबरीनं, कधी तुमच्या आधी घेतली जातात. बी.फार्मवाल्याची खरी जागा गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं बनतात तिथं असते, आणि त्यासाठी कुरकुंभ, पुणे, छत्रपती संभाजीनगर, गोवा किंवा हैदराबाद गाठावं लागतं.

हैदराबाद आपल्याला जेमतेम ३०० किलोमीटर. रात्री बसला बसलं की सकाळी तिथं. पूर्व भागातल्या ज्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, त्यांना तिथं पहिल्या दिवसापासून परकं वाटत नाही. तरी मुलाखतीला जाण्याआधी सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कसं बनवायचं याची सरकारी नियमावली, वाचून जा. औषध कारखान्यांचे नियम कडक झाल्यापासून कागदपत्रं नीट लिहिणारा माणूस कंपन्यांना हवा आहे. स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता, जे केलं तेच लिहिणारा. कॉलेजात प्रॅक्टिकलची रीडिंग मित्राच्या वहीतून उतरवणाऱ्या मुलांना ही सवय पुढं फार जड जाते.

एमआरची, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीच्या औषधांची माहिती देणाऱ्या प्रतिनिधीची नोकरी मात्र सोलापुरात राहून मिळते. हेडक्वार्टर सोलापूर आणि दौरा पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर. पाय आणि जीभ दोन्ही मजबूत हवेत, टार्गेटपायी झोप उडते, पण कमाई काउंटरपेक्षा लवकर वाढते.

सरकारी नोकरीचं काय?

जिल्हा परिषद आणि आरोग्य विभागात औषध निर्माण अधिकारी हे पद आहे, वेतनश्रेणी २९,२०० ते ९२,३००. रेल्वेत फार्मासिस्ट आहेत, आणि सोलापूर विभागाचं रेल्वे रुग्णालय आपल्याच शहरात आहे. बी.फार्मवाल्यांना एमपीएससीतून औषध निरीक्षक होता येतं. नोकऱ्या चांगल्या आहेत, जाहिराती कधी येतील याचा नेम नाही. अभ्यास करा, पण काम करत करत करा. नुसत्या अभ्यासिकेत चार वर्षं बसून फार्माकोलॉजीही विसरलेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

फार्म.डी. करून परदेशात जाता येतं का?

अमेरिकेचा विचार असेल तर लक्षात घ्या, तिथल्या परवान्याच्या वाटेवर २००३ नंतरच्या पदवीधरांना किमान पाच वर्षांची फार्मसी पदवी लागते. आपलं बी.फार्म चार वर्षांचं, म्हणून ते चालत नाही. सहा वर्षांचं फार्म.डी. चालतं, पुढं परीक्षा आहेतच. आखाती देशांत परवान्याच्या परीक्षा आहेत आणि सोलापूरची बरीच मुलं तिकडे जातात. इथंच राहायचं असेल तर फार्म.डी.ला मोठ्या रुग्णालयांखेरीज काम कमी. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल किंवा शहरातली मोठी रुग्णालयं सोडली तर वॉर्डात फिरणारा क्लिनिकल फार्मासिस्ट आपल्याकडे अजून फारसा दिसत नाही.

मुलीला घालावं का? लग्नानंतर उपयोग होईल का?

हा प्रश्न मुलाबद्दल कुणी विचारत नाही. उपयोग तिच्या शिक्षणाचा तिला होईल, लग्न झालं तरी आणि न झालं तरी. फीची चिंता असेल तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक पदवीची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत गेली. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूला रांग असते.

आणि एक. स्त्री काउंटरवर असली की बाया मोकळेपणानं बोलतात. पाळीच्या गोळ्या, अंगावरून जाणं, पाळणा लांबवायच्या गोळ्या, हे सगळं पुरुषाच्या काउंटरवर चिठ्ठीच्या घडीत दडवून सरकवलं जातं. माझ्याकडे त्या विचारतात, "ताई, ही गोळी चुकली तर काय करायचं ओ?"

नीटला मार्क कमी पडले म्हणून फार्मसी घेतोय. चालेल?

या मुलांचीच मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पहिलं वर्ष ती डॉक्टर न झाल्याच्या दुःखात घालवतात. प्रवेशाआधी पंधरा दिवस कुठल्याही मेडिकलमध्ये उभं राहा. औषध द्यायचं नाही, नुसतं बघायचं. माल लावा, शॉर्ट बुक (संपत आलेल्या मालाची वही) लिहा, एक्स्पायरी काढा, गिऱ्हाईकाचं बोलणं ऐका. सोलापूरच्या काउंटरवर एका तासात मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी कानावर पडतं. गाणगापूर आणि विजयपूरकडून उपचाराला आलेला माणूस कन्नडमध्ये पोटात कसं दुखतं ते सांगत असतो. त्यात मन रमलं तर घ्या. आमच्याकडे अशी मुलं उन्हाळ्यात येतात. चारातली एक-दोन आठ दिवसांत यायची बंद होतात, आणि त्यांच्या आईबापांना मी सांगते की बरं झालं, आत्ताच कळलं.

कॉलेज कसं निवडायचं?

इमारत बघू नका. मधल्या वारी, न सांगता, दुपारी दोन वाजता जा. प्रयोगशाळेत मुलं आहेत का बघा. ग्रंथालयातली पुस्तकं हाताळून मऊ झाली आहेत का बघा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या गाड्यावर गाठून विचारा की शिक्षक वर्षभर तेच असतात का, का तपासणीपुरते येतात. "हजेरीची काळजी करू नका" असं ज्या ऑफिसात ऐकाल तिथून उठून या. मान्यता कौन्सिलच्या संकेतस्थळावर त्याच वर्षाची बघा, मागच्या वर्षाची नको.

पदवी होऊन वर्ष झालं, काम नाही. आता काय करू?

घरी बसू नका. पगार कमी असला तरी ज्या मेडिकलमध्ये चिठ्ठ्यांची विविधता जास्त आहे तिथं लागा. सिव्हिल हॉस्पिटलच्या आसपासची दुकानं त्याला उत्तम. रोज पाच चिठ्ठ्या मनात ठेवून घरी या आणि प्रत्येक औषध का दिलं असेल, कशाबरोबर जमत नाही, हे वहीत लिहा. सहा महिन्यांत ती वही नऊशे चिठ्ठ्यांची होईल. मुलाखतीला मार्कशीटबरोबर ती वही घेऊन जा. माझ्याकडे आलात तरी मी आधी तीच बघेन. सध्या संध्याकाळच्या वेळेला मला एक माणूस हवाच आहे.